साडेचार मीटर

बहिणीच्या हातपट्ट्या मी धुवायचे.
साडेचार मीटरची एक, अशा दोन,
घामाने ताठ, अंगठ्यापाशी तांबूस.
रियेकातल्या आमच्या पाचव्या मजल्यावर
गॅलरीतल्या दोरीवर टाकल्या की बुरा सुटायचा,
डोंगरावरून बंदरात उतरणारा तो कोरडा, चिडका वारा,
आणि पट्ट्या त्याच्याशी रात्रभर झोंबत राहायच्या.
खालची म्हातारी विचारायची,
घरात कोण आजारी आहे?

तेव्हा तिहाना लाथांची होती.
बंद पडलेल्या कागद गिरणीच्या शेडमध्ये
स्रेच्को गादी धरून उभा राहायचा
अन् ती डाव्या पायाने त्याला
मागे, मागे, भिंतीपर्यंत न्यायची.
लाथ मारील तिथे पाणी काढील, अशी पोर.
पाणी निघालं नाही. कप निघाले,
पत्र्याचे, सोनेरी मुलाम्याचे.
एकात आई अजून कपड्यांचे चिमटे ठेवते.
तीन वेळा देशात पहिली,
तिन्ही वेळा परतीचं बसभाडं पदरचं.

सत्ताविसाव्या वर्षी म्हणाली,
बॉक्सिंगमध्ये पैसे आहेत.
एवढंच. कांदा चिरता चिरता.

स्रेच्कोने तिच्या घोट्यांना रबरी दोर बांधला,
मध्ये हातभर अंतर.
हाताला शिकवता येतं.
पायाला विसरायला लावायचं, ते कसं?
रात्री झोपेत तिची मांडी उडायची,
माझ्या अंगावरचं पांघरूण खाली.
मी टक्क जागी, ती गाढ,
आणि तिचा पाय अंधारात
कुणाची तरी बरगडी शोधतोय.

पहिली लढत त्रिएस्तला, चार फेऱ्यांची.
समोर रोसित्सा, प्लेवेनची, दोन मुलांची आई.
ही हरायचेच पैसे घेते, असं सगळे म्हणत.
दुसऱ्या फेरीत जागा मोकळी दिसली
आणि तिहानाचा डावा पाय उठला.
वीतभरच.
पंचाने बोट रोखलं. लोक हसले.
रोसित्सा हसली नाही.
तिचं कोपर आपोआप बरगडीशी आलं होतं,
अर्धं पाऊल मागे.

नंतर एकाच न्हाणीघरात दोघी.
रोसित्साने पायजमा गुडघ्यापर्यंत वर केला,
नडगीवरच्या गाठी दाखवल्या.
भाषा कुणाला येत होती कुणाची!
तिहानाने आपली नडगी शेजारी ठेवली.
मी साबण घेऊन दारात उभी.

झाकली मूठ सव्वा लाखाची.
त्या रात्री उघडली तेव्हा आठशे युरो,
त्यातले दोनशे स्रेच्कोचे, साठ डॉक्टरचे,
आणि एक रोसित्साच्या पोरांसाठी चॉकलेटचा डबा,
जो महाग होता.

मग अकरा लढती. नऊ जिंकल्या.
दर सोमवारी पहाटे मासळी बाजारात
बांगड्यांच्या बर्फात मनगटापर्यंत हात खुपसून उभी.
गिऱ्हाइकांना वाटायचं, आपल्यासाठी ताजं शोधतेय.
पट्ट्यासाठीची एक लढत झाली, दूर, वूचला.
दहा फेऱ्या.
दोन कागद तिच्या विरुद्ध, एक बाजूने.
त्या एका पंचाचं नाव आई
अजून मेणबत्ती लावताना घेते.

उजवी मूठ आता पुरती मिटत नाही.
बरणीचं झाकण माझ्याकडे सरकवते, न बोलता.
संध्याकाळी शेडमध्ये आठ पोरी येतात,
त्यांच्या पट्ट्या त्यांनीच धुवायच्या, असा तिचा नियम.
(मी दोनदा धुतल्या. ओरडली.)

परवा धक्क्यावर चाललो होतो,
ती, मी, हातात पावाची पिशवी.
एका पोराचा चेंडू घरंगळत आला.
मी बाजूला झाले.
तिने पिशवी खाली ठेवली नाही,
दोर नव्हता, पंच नव्हता,
डावा पाय असा आला कमरेतून, पूर्ण,
की क्रेनवरचा माणूस वाकून बघायला लागला.
चेंडू बोटींच्या पलीकडे गेला.
पाणी.

ती हसत सुटली, गुडघा धरून,
पोरगं भोकाड पसरून रडायला लागलं,
आणि तिने खिसे चाचपले.
सुटे माझ्याकडे होते.